म्हशीला सांगायच्या गोष्टी

चार वर्षांत राहीबाई सात वेळा कोयनानगरला निघाल्या आणि एकदाही पोचल्या नाहीत.

वस्तीपासून कोयनानगर म्हणजे काही काशी नव्हे. कडेगावहून कराड, कराडहून पाटण, पुढं घाट. सकाळची एसटी धरली तर माणूस दुपारच्या जेवणाला लेकीच्या दारात. त्यांचे यजमान लालासाहेब फौजेत असताना तीन दिवस तीन रात्री प्रवास करून सुट्टीवर यायचे आणि ठरल्या दिवशी यायचे. राहीबाईंना मात्र स्वतःचा बांध ओलांडता ओलांडता वर्ष सरायचं.

लेक क्रांतीला वीज प्रकल्पात इंजिनिअरची नोकरी लागून क्वार्टर मिळालं तेव्हा इकडं हळद काढायला आली होती. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून होईतोवर चैत्र आला. चैत्रात गावची जत्रा, वैशाखात कुरडया-सांडगे. मग पाऊस तोंडावर आला म्हणून जळण भरायचं, सोयाबीन टोकायचं. श्रावणात जावं तर घाटात दरडी. दिवाळीला लेकच माहेरी येते, तेव्हा तिच्याकडं जाऊन करायचं काय? थंडीत शाळूवर पाखरं बसतात, त्यांना हाकलायला राहीबाईंइतका आवाज कुणाचा नाही. मग ऊसतोड, आणि ऊस जातोय न जातोय तोवर पुन्हा हळद. अशी चार वर्षं गेली. पण हळद, पाखरं आणि दरडी ही सगळी किरकोळ मंडळी. खरी अडचण गोठ्यात उभी होती आणि तिचं नाव चंद्री.

चंद्री म्हणजे पंढरपुरी म्हैस. कपाळावर पांढरा चांद, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली आणि स्वभाव एखाद्या थोरल्या जावेसारखा. राहीबाईंशिवाय कुणी कासेला हात लावला की ती पान्हा चोरायची. वर लाथ मारायची ती वेगळी. मागच्या वर्षी राहीबाई तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा मुलगा जयराज धार काढायला बसला. अर्ध्या तासानं तो लंगडत बाहेर आला आणि राहीबाई तापातच उठून गोठ्यात गेल्या. त्यानंतर पुन्हा कुणी प्रयत्न केला नव्हता.

आणि आता क्रांतीची बदली झाली होती. थेट चंद्रपूरला.

"आई, मेअखेर क्वार्टर सोडायचंय," ती फोनवर म्हणाली होती. "चंद्रपूर लय लांब गं. तिथं तर तू येणारच नाहीस. हितं तरी ये. आठ दिवस. माझं घर तरी बघ."

फोन ठेवल्यावर राहीबाई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसल्या. रात्री जेवताना त्यांनी विषय काढला, तेव्हा लालासाहेबांनी ताटावरून मान वर केली.

"जा की. आठ दिवसांची रजा मंजूर." आणि भाकरीचा तुकडा मोडत लगेच म्हणाले, "पण म्हशीचं काय?"

राहीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते त्यांनी मिरचीच्या नावावर घातलं. पण सून मयूरीनं ते बघितलं. सांगली शहरातली पोर, लग्नाला तीन वर्षं झालेली, शेणाचा वास अजून नाकात न बसलेली. तिनं मनाशी पक्कं ठरवलं की या खेपेला सासूबाईंना पाठवायचंच.

"आई, तुम्ही पिशवी भरा," ती म्हणाली. "म्हशीचं आम्ही बघतो."

"कोण बघणार?" खाटेवरून तात्यांनी विचारलं. तात्या म्हणजे लालासाहेबांचे वडील. वय चौऱ्याऐंशी. कान मंद, जीभ तल्लख.

"मी बघणार," लालासाहेब म्हणाले. "अठ्ठावीस वर्सं माणसं सांभाळली. एक म्हैस काय चीज हाय?"

"माणसं पगारावर व्हती, लाला," तात्या म्हणाले.

*

म्हशीला माणूस नजरेपेक्षा वासानं कळतं, असं गावात सगळेच म्हणतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार लालासाहेब हाफ पँटवर राहीबाईंची रोजची हिरवी साडी गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन, चरवी हातात धरून गोठ्याकडं निघाले. मिशा पदरात मावत नव्हत्या.

नेमका त्याच वेळी शेजारचा ज्ञानू डेअरीला निघाला होता. किटली सायकलला अडकवून तो बांधावरूनच ओरडला, "काकू, सुभेदार हायत का घरात?"

लालासाहेब जागच्या जागी थिजले. मग पाठमोरं राहूनच बारीक आवाजात म्हणाले, "रानात गेल्यात."

"घसा बसलाय जणू तुमचा. हळद-दूध घ्या," असं म्हणून ज्ञानू गेला. बाजेवर तात्यांना ठसका लागला.

चंद्रीनं साडी हुंगली. समाधान झाल्यासारखी कान हलवून ती उभी राहिली. मयूरी आणि जयराज श्वास रोखून दारात उभे होते. लालासाहेबांनी बैठक मारली, सडांना तेलाचं बोट लावलं आणि कवायतीच्या तालावर, तोंडातून चकार शब्द न काढता धार काढायला सुरुवात केली. चरवीचा तळ जेमतेम ओला झाला. मग चंद्रीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, जणू म्हणत होती, पुढं? आणि पुढं काहीच होत नाही म्हटल्यावर तिनं पान्हा चोरला आणि चरवीला लाथ घातली.

"साडी पटली तिला," जयराज म्हणाला. "काय तरी कमी पडतंय."

काय कमी पडतंय ते राहीबाईंना पक्कं ठाऊक होतं. तुळशीकट्ट्यामागं उभं राहून त्या सगळं बघत होत्या. पण ते सांगण्यापेक्षा कोयनानगर जन्मात न बघितलेलं परवडलं असतं. "हाताची सवय असती," एवढंच त्या म्हणाल्या आणि साडी परत मागितली.

मयूरी मात्र विचारात पडली. तिला आठवलं, सासूबाई धार काढायला बसल्या की गोठ्यातून सारखी पुटपुट ऐकू येते. घरात शब्द कळत नाहीत, पण वीस वीस मिनिटं चाललेली असते.

"आई धार काढताना देवाचं म्हणतात," तिनं नवऱ्याला सांगितलं. "म्हशीला त्याची सवय झाली असणार."

हे घरात सगळ्यांना पटलं. कुणालाच त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही, कारण बाईमाणूस एकटं पुटपुटतंय म्हणजे ते देवाचंच, असं या घराला पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलेलं. लालासाहेबांना तर अभिमान वाटला. त्यांनी ही गोष्ट फाट्यावर चार लोकांना सांगितलीसुद्धा.

त्या संध्याकाळी मयूरीनं मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गव्हाणीच्या कोपऱ्यात, कडब्याखाली ठेवला. नंतर सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकलं. "ये गं माझे आई. देवा जोतिबा, समद्यास्नी सुखी ठेव." झालं. पुढं ऐकायची तिला गरज वाटली नाही.

*

दुसऱ्या दिवशी कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटेच शिजला होता आणि शेजारच्या वस्तीवरच्या आठ बाया सोऱ्या घेऊन गच्चीवर जमल्या होत्या. लालासाहेबांची धाकटी बहीण विनोदिनी खास त्यासाठी विट्याहून आदल्या रात्रीच आलेली. येण्याआधी फोनवर तिनं चारदा सांगितलं होतं, "वयनी, माझ्यासाठी काय करू नका." राहीबाईंनी पुरणपोळी केली होती.

बेत असा ठरला. राहीबाईंनी गच्चीवरून खाली उतरायचं नाही, म्हणजे त्यांचा वास गोठ्यात पोचणार नाही. लालासाहेबांनी साडी नेसायची. जयराजनं रेकॉर्डिंग लावायचं. राहीबाईंना यातलं फक्त साडीचं ठाऊक होतं.

मोबाईलचा आवाज बारीक होता. शिवाय गव्हाणीत ठेवल्या ठेवल्या चंद्रीनं तो चाटायला सुरुवात केली.

"थांबा," जयराज म्हणाला. "ट्रॅक्टर आणतो."

जयराजच्या ट्रॅक्टरवर दोन मोठे साउंड बॉक्स होते. कारखान्याला ऊस वाहताना तो गाणी लावायचा, तेव्हा तीन गावं आधी कळायचं की जयराज येतोय. त्यानं ट्रॅक्टर मागं घेत घेत गोठ्याच्या दाराला लावला आणि मोबाईल ब्लूटूथनं जोडला.

"देवाचंच हाय," चरवी सावरत लालासाहेब म्हणाले. "आवाज मोठा ठेव. बायास्नी बी ऐकू दे."

आणि वैशाखातल्या त्या सकाळी राहीबाईंचा आवाज वस्तीवर घुमला.

"ये गं माझे आई. देवा जोतिबा, समद्यास्नी सुखी ठेव."

गच्चीवरच्या बायांनी चिकाच्या हातांनीच नमस्कार केला. राहीबाईंनी मात्र सोऱ्या फिरवता फिरवता मान वर केली. आपण गच्चीवर आणि आपला आवाज खाली, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"माझ्या पोरीबाळीस्नी सुखी ठेव," आवाज पुढं म्हणाला. "आन्‌ त्या म्हाताऱ्याला जरा लाज दे."

खाली बाजेवर तात्यांनी कानामागं हात धरला.

"डॉक्टरांनी गूळ बंद केलाय त्येचा. तर ह्यो माणूस उशीखाली गुळाचा खडा ठिवतोय, चंद्रे! आन्‌ मुंग्या झाल्या की म्हणतोय, सुनंनं खोली झाडली न्हाई. मी रोज झाडते. रोज मुंग्या मोजते."

"बंद करा रं ते!" तात्या बाजेवर उठून बसले. "हे देवाचं न्हाई!"

जयराजनं हात पुढं केला. तोच गोठ्यातून लालासाहेबांची आरोळी आली, "हात लावू नको! पान्हा सोडला! लय दूध येतंय! चालू ठेव!"

खरंच चरवीत फेस चढत होता. चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. लालासाहेब हसतही होते, कारण वडिलांची गुळाची भानगड त्यांना नवी होती.

"तात्या, उशी दाखवा बघू," ते आतूनच ओरडले.

"आन्‌ आपला जयराज," राहीबाईंचा आवाज म्हणाला.

जयराजनं परत हात पुढं केला. पण आता तात्याच काठी टेकत ट्रॅक्टरपाशी आले आणि नातवाच्या मनगटावर काठी ठेवली. "ऱ्हाऊ दे की. दूध येतंय न्हवं?"

"बायकोला सांगतोय रानात चाललो. आन्‌ पिंपळाखाली ट्रॅक्टर लावून तीन वाजंपतोर झोपतोय. डबा मीच न्हेते, म्हणून झाकलंय. ट्रॅक्टरला आठवड्यातनं दोनदा आंघोळ घालतोय. सोता कवा करतोय ते त्या ट्रॅक्टरलाच ठावं."

मयूरी नवऱ्याकडं वळली. "व्हय?"

"अगं, ऊन असतं दुपारचं..."

"मला म्हणाला होतात, पाटाचं पाणी बघायला थांबावं लागतं!"

"बंद करतो बघ आता," जयराज म्हणाला.

"खबरदार!" मयूरीनं मोबाईल हिसकावून घेतला आणि पाठीमागं धरला. "आईंना कोयनेला जायचंय. ऐकू द्या सगळं."

"सून तशी गुणाची हाय," आवाज म्हणाला, आणि मयूरीच्या चेहऱ्यावर हसू आलं. "पण भाकरी! एका अंगानं कच्ची, दुसऱ्या अंगानं कोळसा. आन्‌ मी म्हणते, छान झालीया. तीन वर्सं म्हणतीया, चंद्रे. आता मागं कसं घ्यायचं? आन्‌ डोकं दुखतंय म्हणून खोलीत जाती आन्‌ आतनं हसायचा आवाज येतोय. डोकं दुखताना कोण हसतंय का?"

आता जयराज वळला. "व्हय?"

मयूरीनं मोबाईल पाठीमागून पुढं आणला. तिचं बोट बंद करायच्या बटणाकडं गेलं. पण तेवढ्यात तिला सासूबाईंचे परवाचे भरून आलेले डोळे आठवले. तिनं बोट मागं घेतलं आणि मोबाईल जयराजच्या खिशात कोंबला. भाकरीचं तिला खरंच लागलं होतं. तीन वर्षं ती त्या 'छान'वर माहेरी भाव खात होती.

गच्चीवर तर आणखीच तमाशा चालू होता. बायांनी कुरडया घालणं सोडून कठड्याशी रांग लावली होती. चीक गार होऊन घट्ट होत चालला होता. विनोदिनी सगळ्यांत पुढं, हसून हसून तिचा जीव जात होता. आपल्या वडिलांचं, भाच्याचं, भाचेसुनेचं ऐकून तिला असं झालं होतं की विट्याहून आल्याचं सार्थक झालं.

"वयनी, तुमी असलं बोलत असाल वाटलं नव्हतं गं बाई!"

"विनोदिनीताई, खाली चला जरा," राहीबाई कशाबशा म्हणाल्या. त्यांना पुढचं पाठ होतं. "ते बंद करायला सांगा, पाया पडते."

"का हो? माझं नाव न्हाई ना त्यात?"

"आन्‌ ही विनू," ट्रॅक्टर गरजला. "म्हणती काय करू नका. न्हाई केलं तर विट्यात सांगत फिरती, भावाच्यात नुसता भात वाढला. पाच वर्सांमागं माझा पितळी सोऱ्या न्हेला. माझ्या आईनं दिल्याला. अजून परत न्हाई. आता राती येणार हाय कुरडयांला. बघ तू, माझ्याच सोऱ्यानं घालंल आन्‌ म्हणंल, माझा लय जुना हाय."

आठ बायांनी विनोदिनीच्या हातातल्या पितळी सोऱ्याकडं बघितलं. दहाच मिनिटांपूर्वी तिनं त्यांना तेच वाक्य ऐकवलं होतं.

विनोदिनी कठड्यावरून वाकली. "दादा! बंद कर ते! ही रीत हाय का घरातली?"

"सव्वा चरवी झाली!" आतून उत्तर आलं. "घरच्या माणसानं सोसलं पायजे, विने! ड्यूटी हाय ही!"

"तुझं आलं की बघते कसा सोसतोस!"

ते यायचंच होतं. लालासाहेब दुसरी चरवी लावून बसले होते. इतकं दूध त्यांच्या हातानं आयुष्यात निघालं नव्हतं. पदर घसरला होता, मिशांवर फेस उडाला होता आणि ते मनात म्हणत होते, आपल्याविषयी बोलण्यासारखं काय असणार?

"आन्‌ आमचं सुभेदार," आवाज म्हणाला. आणि जरा थांबला. "सकाळी सहाला शिट्टी वाजवत्यात. कुणासाठी गं? कोंबड्या बी उठत न्हाईत. चष्मा कपाळावर असतोय आन्‌ घर पालथं घालत्यात. चहा कसला मागत्यात, दुश्मनाला हाक मारल्यागत. अठ्ठावीस वर्सं फौजेत व्हते तवा दर सांजंला वाटायचं, कवा येत्यात. आता सतरा वर्सं झाली येऊन. कवा कवा वाटतंय, ती दोन म्हैन्यांची सुट्टीच बरी व्हती."

तात्या हसायचे थांबले. जयराजनं मान खाली घातली. लालासाहेबांचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत. धार अर्ध्यावर सोडली तर कास सुजून दगडी होते आणि म्हैस हातची जाते, एवढं त्यांना कळत होतं.

"पोरीकडं जायाचं म्हणलं की जा म्हणत्यात, आन्‌ लगीच म्हशीचं इचारत्यात. तूच जरा..."

आणि तिथंच आवाज तुटला. साउंड बॉक्समधून मयूरीची रिंगटोन वाजायला लागली. जयराजनं खिशातून मोबाईल काढला आणि घाईत दिसेल ते दाबलं. फोन बंद व्हायचा तो उचलला गेला.

"वहिनी, एक काम होतं," क्रांतीचा आवाज वस्तीभर घुमला. "आईला सांगू नको. मी उद्याच सामानाची गाडी सांगितली आहे. कशाला मेअखेरपर्यंत थांबायचं? आई यायची नाही. आज म्हैस आहे, उद्या दुसरं काही असेल. उगाच ती तिकडं जीव काढते, आणि मी इकडं ती येणार म्हणून दर रविवारी गादी उन्हात घालते. चार वर्षं घालतेय गं. शेजारचे विचारतात, तुमच्या गादीला काय झालंय?" ती हसायला गेली, पण ते नीट हसू आलं नाही. "बाबांना पण काही बोलू नकोस. बरं, मागं काय घुमतंय?"

"क्रांते," जयराज म्हणाला. "तू स्पीकरवर हायस."

"कुठल्या?"

"ट्रॅक्टरच्या."

फोन कट झाला.

*

गोठ्यात चंद्रीनं रवंथ थांबवला, मान वळवली आणि मागचा उजवा पाय हळूच उचलला. दुसरी चरवी अर्धी भरली होती. अजून चार-पाच लिटर दूध कासेत होतं आणि बोलणारं कुणी नव्हतं.

लालासाहेबांनी तिचा पाय हातानं दाबून धरला.

"थांब गं बाई, थांब," ते म्हणाले. आणि काय बोलायचं ते न सुचून म्हणाले, "माझी बी तक्रार हाय."

चंद्रीनं पाय खाली ठेवला.

"तुझी मालकीण. लय कडक बाई. मी अठ्ठावीस वर्सं भाईर. तवर हिनं विहीर पाडली, दोन पोरं शिकवली, तात्याचं ऑपरेशन केलं. मी पेन्शन घेऊन आलो तर समदं जागच्या जागी. मला कराया काय ठिवलंच न्हाई हिनं! मग मी काय करू? शिट्टी वाजवतो." एक धार चरवीत गेली, मग दुसरी. लालासाहेबांना आपला आवाज बाहेरपर्यंत जातोय याचं भान नव्हतं. "आन्‌ म्हशीचं काय, म्हशीचं काय. अगं, तुझं कसलं काय? तू दोन दिस लाथा मारशील आन्‌ मग गप बसशील. माझं काय, असं इचारायचं असतंय मला. ते तोंडातनं निघत न्हाई. सुभेदार माणूस म्हणून कसं इचारणार, बायको आठ दिस न्हाई तर मी काय करू? म्हणून तुझं नाव फुडं करतो. चार वर्सं करतोय. तिकडं पोरगी गादी वाळवतीया."

मग ते नुसतं नाक ओढत राहिले. चंद्रीला तेही चाललं.

गच्चीच्या जिन्यावर राहीबाई उभ्या होत्या. कोपरापर्यंत चिकानं माखलेले हात तसेच पुढं धरलेले. त्यांना आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती आणि एवढं हलकंही वाटलं नव्हतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं ते त्यांना कळेना. खाली अंगणात सगळे उभे होते. तात्या, जयराज, मयूरी, मागून सोऱ्या घेऊन आलेली विनोदिनी. सगळ्यांचे चेहरे फुगलेले.

"वयनी," विनोदिनी म्हणाली, "आठ बायांदेखत माझी लाज काढली तुमी."

राहीबाई शेवटची पायरी उतरल्या.

"मी बोलले ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर मी ते म्हशीला बोलले. तुमास्नी कुणाला एका शबुदानं बोलले न्हाई कवा. ती सोडून मला हितं हाय कोण बोलाया? तुमी ते रानभर वाजवलंसा, त्येला मी काय करू?"

तात्यांनी बाजेपाशी जाऊन उशी उचलली, गुळाचा खडा काढला, क्षणभर बघितला आणि राहीबाईंच्या ओंजळीत ठेवला. मग त्यांनाच राहवेना म्हणून त्यातला चिमूटभर परत घेतला. मयूरीला हसू फुटलं आणि ते पाहून जयराजला. विनोदिनी मात्र सोऱ्या धुवून, पुसून, चुलीपाशी ठेवून दुपारच्या गाडीनं विट्याला गेली. जाताना कुरडयांचा मोठा वाटा न्यायला ती विसरली नाही.

संध्याकाळी धार काढायला मयूरी बसली. साडीही लागली नाही. भाकरीपासून सुरुवात करून ती नवऱ्यावर आली, मग सासऱ्यांच्या शिट्टीवर. तिच्याकडं तीन वर्षांचा साठा होता. वीस मिनिटांत चंद्रीची कास मोकळी झाली तरी तिचं बोलणं चालूच होतं. ती बाहेर आली तेव्हा गोठ्याच्या दाराबाहेर जयराज उभा होता. "माझा नंबर उद्या," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं घर फाट्यावर आलं. क्रांतीनं सामानाची गाडी रद्द केली होती. राहीबाईंच्या पिशवीत कुरडया, मेतकूट, हळद आणि चंद्रीच्या दुधाचा खवा. अंगावर लग्नकार्यातली जांभळी साडी. लालासाहेबांनी पिशवी स्वतः उचलून गाडीत चढवली, सीटवर रुमाल टाकला, खिडकीची काच सरकते का ते तीनदा बघितलं आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. चष्मा कपाळावर होता.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "तीनच्या गाडीला मी हितंच उभा असतो. आठ दिस म्हंजे रविवारच येतोय."

"रविवारी नका येऊ," राहीबाई म्हणाल्या.

"मग सोमवारी? बरं, सोमवारी."

"मी पोरीचं सामान बांधणार हाय. तिच्यासंगं चंद्रपूरला जाणार हाय. तिथं तिचं घर लावून देणार, मग येणार."

लालासाहेबांनी बोटं मोजली. परत मोजली. "अगं, आठच दिसांची रजा मंजूर केली व्हती मी!"

"ती तुमी दिल्याली," राहीबाई खिडकीतून म्हणाल्या. "ही माझी मी घेतली."

कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली. लालासाहेब चार पावलं गाडीबरोबर चालले, मग थांबले. गाडी वळणाआड गेल्यावर जयराजनं ट्रॅक्टरचा हॉर्न दोनदा वाजवला, तरी ते फाट्यावरून हलले नाहीत.